यांचं नाव वृत्तात बसेना

ये वं पोरी, जवळ सरक. आणि हे पत्र वाचता वाचता मध्येच मोबाइलात डोकं घालू नको, मला इथून कळतं. आमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आली नाहीस, फोटोला अंगठा दाखवून मोकळी झालीस. आता ऐक, तुझ्या मावशीनं काय दिवे लावले ते.

मला उखाणा घ्यायचा होता. जन्मभर यांना 'अहो' म्हटलं. नाव घेतलं ते लग्नाकार्यात, तेही तोंडातल्या तोंडात. तुझ्या काकांची मागणी एकच. म्हणाले, "हार नको, शाल नको. एकदा माझं नाव मोठ्यानं घे. मले ऐकू आलं पाहिजे." उमरेडला खाणीच्या धडधडीत नोकरी झाली, आता कानात यंत्र लागतं.

पण मी पडले कवयित्री! पाठ झालेला जुना उखाणा कसा घेऊ? महाल बाजारातून वृत्तांचं एक जुनं पुस्तक आणलं. पहिली वीस पानं गायब, म्हणून मी थेट भुजंगप्रयातापासून सुरुवात केली. आखूड अक्षर, लांब, लांब. आखूड, लांब, लांब. पोळ्या लाटताना तोच ठेका. पोळ्याही तशाच झाल्या.

यांचं नाव मात्र चार अक्षरांचं, चारही आखूड. त्या वृत्तात दोन आखूड अक्षरं शेजारी चालतच नाहीत. मी नाव ताणून ताणून म्हणून पाहिलं.

"कोण भाजी विकून राहिलं?" हे आतून ओरडले.

"तुमचं नाव वृत्तात बसवून राहिली मी. बसतच नाही!"

"मग काय या वयात नाव बदलू? आधारकार्डाच्या रांगेत तू उभी राहा."

मग हायकू धरला. सतरा अक्षरांतली चार यांनीच खाल्ली, उरलेल्या तेरांत पन्नास वर्षं कशी कोंबू? सुनीत नावाच्या कवितेला ओळी चौदा, पण दहा तर यांच्या घोरण्यातच संपल्या. शेवटी गजल सापडली. तिच्यात प्रत्येक शेराच्या शेवटी तेच शब्द परत येतात. त्या जागी नाव ठेवलं, मात्रा जुळवल्या, झाले पाच शेर तयार.

त्या दिवशी माइक हातात आला आणि गजल साफ उडाली. एक ओळ आठवेना. समोर हे खुर्चीच्या टोकावर येऊन बसलेले, तोंड उघडं. डोक्यात फक्त नाव उरलं होतं. तेच घेतलं.

"काय?" हे म्हणाले.

पुन्हा घेतलं.

"ऐकू नाही आलं वं!"

तिसऱ्यांदा घेतलं. चौथ्यांदा. मंडळी हसून लोटपोट. पाचव्यांदा अशी ओरडले की माइकनं शिटी मारली. जवळ जाऊन पाहते तर यंत्र कानातच, चांगलं चालू!

"ऐकू येत होतं तुम्हाले?"

"पहिल्याच वेळी आलं. पण गजल म्हणाली होतीस ना? मग शेवट परत परत यायला नको?"

कान मात्र लालेलाल झाले होते यांचे.

तेव्हापासून चहा दिला तरी 'काय?' म्हणतात. नाव घेतल्याशिवाय कपाला हात लावत नाहीत. मी सध्या ओवी शिकून राहिली. तिच्यात अक्षरांची कटकट कमी, यांचं नाव पाय पसरून बसतं. पण एकाच माणसाला किती ऐकवू? कोथिंबिरीची सांबारवडी करते, तू ये बाई लवकर. आणि येताना कान घेऊन ये.