सी ड्राइव्हमधले शेंगोळे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसत आलेय, आजही हसेन. तुम्हीही मला खुशाल हसा... फक्त "बाई, तुमचीच काहीतरी चूक झाली असेल" एवढं म्हणू नका. ते ऐकून कान किटले आहेत.

नाशिकला सिडकोत राहते. घरी सासूबाई आणि मी. लग्नपत्रिका डिझाइन करते, नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर. संदीप दोन वर्षांपूर्वी गेला. त्याला एक खोड होती – नवीन काही इन्स्टॉल करायच्या आधी रिस्टोर पॉइंट बनवायचा, म्हणजे बिघडलंच तर मागे जाता येतं. आणि त्याला नाव द्यायचा त्या दिवशी जे खाल्लं त्याचं. पोहे. मिसळ. पिठलं.

ऐन लग्नसराईत सी ड्राइव्ह लाल झाला. फाइल सेव्ह होईना. बघते तर सगळी जागा या बॅकअपनीच अडवलेली. नावं वाचून हसू आलं, मग रडू आलं. पण गिऱ्हाईक दारात उभं होतं. एकूण एक पॉइंट डिलीट केला, ते सेटिंगही बंद केलं. जागा झाली, काम झालं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई निफाडला लेकीकडे गेलेल्या. मी एकटीच, म्हणून कुळथाचे शेंगोळे केले. संदीपचा त्यांच्यावर भारी जीव, तो गेल्यापासून केलेच नव्हते. जेवले, कॉम्प्युटर बंद केला, घराला कुलूप लावलं आणि प्रूफ दाखवायला शालिमारला गेले. संध्याकाळी येऊन चालू केला तर ड्राइव्ह पुन्हा लाल! सेटिंग बंदच होतं. आत एकच रिस्टोर पॉइंट... त्याच दुपारचा, मी बाहेर असतानाचा. नाव – शेंगोळे.

दीर अंबडला एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम बघतो. तो म्हणाला, वहिनी, तुम्हीच बनवला असेल, विसरलात. फॉरमॅट मारून देतो. सासूबाईंनी परत आल्या आल्या त्र्यंबकला नारायण नागबलीचं काढलं. एकाच्या मते मी वेडी, दुसरीच्या मते माझा नवरा अडकलेला! दोघांनाही सांगितलं, "मशीनला कोणी हात लावायचा नाही. संदीपला सुटायचं असेल तर तो मला सांगेल."

तरी रविवारी दीर पेनड्राइव्ह घेऊन आलाच. मी खुर्ची सोडली नाही. त्या मशीनमध्ये होतं तेवढंच माझ्याकडे संदीपचं उरलं होतं, आणि त्यातलं बरंचसं मी आधीच माझ्या हाताने पुसलं होतं.

आमचा आवाज ऐकून सासूबाई आल्या. चष्मा लावून स्क्रीनजवळ वाकल्या, ते नाव एकेक अक्षर लावत वाचलं. मग दिराला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ते. जागा कमी पडती तर तिला दुसरी डिस्क आणून दे. माझं पोरगं जेवलं, एवढं कळलं मला."

नागबलीचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. डिस्क दिरानेच बसवून दिली, मान खाली घालून.

तो पॉइंट कसा आला, ते अजून कोणालाच सांगता आलेलं नाही. मलाही नाही. पुसून टाका असा सल्ला मात्र जो तो देतो. मी पुसणार नाही.