मोहाखालचं अंगण

"बाई, तुमचा आवाज लांबवर जातो, जंगलात उपयोगी पडेल," असं म्हणून आमच्या हेडमास्तरांनी वनखात्याच्या प्रचारदौऱ्यासाठी माझं नाव देऊन टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही! पण खरं सांगू? विचारलं असतं तरी मी हो म्हणणारच होते. चांद्याच्या शाळेत पोरींना "सागाचे पान मोठे असते" हे शिकवून शिकवून जीव विटला होता. आलापल्लीचा साग एकदा या डोळ्यांनी बघायचा होता.

ज्यांना जायचं असेल त्यांनी मार्चातच जावं. सकाळची बस गोंडपिंपरीवरून आष्टीला येते. तिथे वैनगंगेवर पूल नाही. पाणी एका काठाला सरकलेलं असतं, रेतीवर बांबूचे तट्टे अंथरलेले असतात, आणि रिकामी बस त्यांच्यावरून डुलत पुढे जाते. आपण चपला हातात घेऊन मागून चालायचं. आष्टीची भजी खाऊन घ्या, कारण पुढे दुकानाचं नाव नाही. चहापत्ती आणि दशम्या घरूनच न्याव्यात. आलापल्ली आली तेव्हा त्या सागांचे शेंडे बघता बघता माझा पदर खाली पडला तरी मला कळलं नाही.

तिथले रेंजरसाहेब भला माणूस, पण चेहरा उतरलेला. मोहाचं फूल पहाटे गळतं. ते नीट दिसावं म्हणून बाया झाडाखालचा पाला पेटवतात, आणि ती आग पसरत जाते. जवळच्या एका गावाच्या मोहांशेजारीच सागाची कोवळी लागवड उभी होती. "यंदा आग त्यात शिरली, तर पुढच्या सालापासून त्या गावाला इथे मोह वेचायला बंदी. वरचा हुकूम आहे, बाई. पुरुषांना सांगून थकलो. वेचतात बाया. त्यांना तुम्ही सांगा."

बंदी म्हणजे काय, ते मला नाकेदारानं वाटेत सांगितलं. नाकेदार म्हणजे जंगलाचा शिपाई. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की या गावात वाळवलेला मोहच शिजतो.

गावात गेल्यावर मी चित्रं लावली आणि खणखणीत भाषण ठोकलं. आग, धूर, जळालेली रोपं, सगळं आलं. शेवटी तानीबाई उठली. गावातलं सगळ्यात थोर मोहाचं झाड तिच्या घराचं.

"मास्तरीनबाई, तुमचं झाड कोनतं?"

"माझं कुठलं झाड असणार?"

सगळ्या खो खो हसल्या. तिथे प्रत्येक मोह कुठल्या ना कुठल्या घराचा असतो, दुसरं कोणी त्याखाली वाकत नाही. तानीबाई म्हणाली, "झाड नाई, कधी फूल वेचलं नाई, अन् मले सांगून राह्यली!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या पहाटे येते तुमच्या झाडाखाली," मी म्हटलं. "न पेटवता वेचून दाखवते!"

कसलं दाखवते! गुडघाभर पाला. फूल टपकन पडायचं आणि पानांत गडप व्हायचं. उजाडेपर्यंत माझी वाटीसुद्धा भरली नाही, बोटांत काटे मात्र भरले. कमरेला काडेपेटी खोचून तानीबाई मजा बघत होती. "दिसली का फुलं? म्हनून पेटवतो आम्ही. हौस नाई आमाले."

मी हात टेकले. उठताना बुंध्याशी नजर गेली. तिथे परातीएवढी जागा शेणानं सारवलेली होती, आणि तिच्यावर चार फुलं अशी लख्ख पडली होती की लांबून मोजावीत.

"हे काय?"

"देवाची जागा. पयलं फूल देवाले, मंग आपल्याले."

"इथला पाला जाळला का?"

"काय बोलता बाई! देवाच्या जागेत आग लावते का कोनी? झाडतो, सारवतो."

"मग देवाची जागा जरा मोठी करू या की, तानीबाई!"

तिनं मान वर करून फांद्यांचा घेर पाहिला. मग म्हणाली, "पुऱ्या झाडाखाली? पानी कोन आनन नाल्यातून?"

"मी आणते!"

पण हे आम्ही दोघींनी ठरवून चालणार नव्हतं. गावाचा पुजारी, ज्याला गायता म्हणतात, त्याला विचारायला हवं होतं. म्हाताऱ्यानं चिलीम बाजूला ठेवली आणि इतका वेळ डोळे मिटले की मला वाटलं, झोपला. शेवटी तो म्हणाला, "देवाची जागा कमी कराले नाई पायजे. वाढवाले कोन नाई म्हनते?"

मी टाळ्याच वाजवल्या! खराटे निघाले, शेणाच्या पाट्या आल्या. नाल्यावरून घागरी आणताना माझी कंबर मोडायची वेळ आली, पण बोलून बसले होते ना! संध्याकाळपर्यंत त्या मोहाखाली लग्नघरासारखं अंगण तयार झालं.

दुसऱ्या पहाटे टप टप फुलं पडत होती आणि एकूण एक दिसत होतं. ऊन झाडावर यायच्या आत तानीबाईची टोपली काठोकाठ भरली. ती मूठभर फुलं माझ्या नाकाशी धरून ओरडली, "राख नाई! माती नाई! पाहा व माय!" आणि काडेपेटी माझ्या अंगावर फेकून म्हणाली, "न्या, चूल पेटवाले होईल तुमाले." मग काय विचारता! बाकीच्या बाया आपापल्या झाडांकडे खराटे घेऊन पळाल्या. पुढच्या दोन-चार दिवसांत सगळ्या मोहांखाली अंगणं झाली. एका सकाळी रेंजरसाहेब टेकडीवरून धापा टाकत उतरले. "कुठेच धूर दिसेना! मला वाटलं, गाव उठलंच नाही!" त्यांना तानीबाईनं पानावर उकडलेला मोह दिला. त्यांनी दोनदा मागून खाल्ला.

परतीच्या बसमध्ये माझ्या हातांना शेणाचा वास येत होता. शेजारची बाई सरकून बसली. मी मात्र राणीच्या थाटात खिडकीशी बसले होते.

मोहाचा हंगाम सरल्यावर नाकेदार चांद्याला शाळेत आला. लागवड शाबूत होती, बंदी टळली होती! माझे डोळे भरून आले, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. त्यानं तानीबाईची मोहाची पुरचुंडी दिली आणि निरोप सांगितला. नाल्याच्या काठी एक लहान मोह होता, कोणाच्याच घराचा नव्हता. गायत्यानं त्याखालची जागा माझ्या नावानं सारवून घेतली होती. "आता कोनी इचारलं तं सांगा म्हने, झाड हाय."

हेडमास्तर बाजूलाच उभे होते. "काय हो बाई, एवढं फिरून तुम्हाला मिळालं काय?"

शेवटच्या वर्गापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "झाड!"