गालातले गवंडी

आरोग्यसेवक म्हणून मी तपासायला गेलो, तेव्हा भाजीवाल्या शांतामावशींनी माझ्या टॉर्चच्या उजेडात तोंड उघडलं आणि मी ओरडलोच, “भरली की जखम!” महिनाभर लालभडक असलेला डावा गाल आतून चक्क गुलाबी! जखम भरून काढणाऱ्या पेशी, शरीराचे हे गवंडी, किती इमानी! तंबाखूने गाल रोज पोळतो, रोज ते लिंपायला धावतात. पण आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले होते, ही धावपळ वर्षानुवर्षं थांबलीच नाही, तर त्या घाईतच एखादी पेशी बिघडते आणि कर्करोग होऊन वाढत सुटते. गवंड्यांना अखेर सुट्टी मिळाली! मी हरखून म्हणालो, “मावशी, तंबाखू सुटली तर!”

“सुटतीय कुठं?” मावशी हसल्या. “डावीकडं झोंबायची, म्हणून आता उजवीकडं धरते.”

मी टॉर्च उजवीकडे वळवला. तिथे सगळं लालभडक होतं. गवंडी कामाला लागले होते.