बायकोचे भुरे केस

सुनेनं काळी मेंदी कालवली. त्या वासानं बायको आठवली. तिचे केस जन्माचेच भुरे, मक्याच्या कणसाच्या केसांसारखे. पोरीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी म्हणे, "वणीच्या पार्लरमधून काळे करून देता काय?" त्या साली कपाशी बोंडअळीनं खाल्ली होती. मी म्हटलं, "कायले? काळी मेंदी मी लावतो." जुन्या ब्रशानं लावली, तं तिचे कान आन् माझी बोटं काळी झाली. मांडवात विहीण हसली, "याही, पार्लर तुमीच काढलं काय?" बायको पदर कानावर ओढून म्हणाली, "हात त्याइचाच हाय." मंग वर्षानुवर्षं मीच लावत राह्यलो. मले तं ते भुरेच आवडत. बाकी तोंडाले येईल ते बोललो, हे नाई बोललो. ती गेली, बायांनी शेवटची आंघोळ घातली, तवा तिच्या कानात सांगतलं.