कोरड्या रेतीतल्या दहा चौकटी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, इथेही भित्रेपणाच.

मी पवनारच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझा अभ्यास मात्र कोकणातला — ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातले शिंपले. दोन वर्षं मी त्या चिखलात गुडघाभर रुतून लोखंडी चौकट टाकली, तेवढ्यातला गाळ चाळला, एकेक जिवंत शिंपला मोजला. अंगभर चिखल, केसांत चिखल. लाज कसली? तिथे मला ओळखणारं होतंच कोण!

मग माहेरच्या गावचंच काम आलं. पवनारच्या धाम नदीच्या एका पट्ट्यात रेतीघाट, म्हणजे रेती उपसायचा ठेका, द्यायचा होता. त्याआधी पात्रात जिवंत काय काय आहे ते मोजून लिहून द्यायचं होतं. मदतीला सुभद्रामावशी आली — ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतली, आमच्या दुकानात तेलमीठ न्यायला येणारी, जन्मभर याच पाण्यातले शिंपले काढून खाणारी आणि विकणारी. ती लुगडं खोचून सरळ पाण्यात शिरली. मी काठावर.

"काऊन वं पोरी, येत नाई? डोयानं नाई दिसत ते, पायानं टटोला लागते."

पाणी पोटरीभर होतं. पण वर पूल होता. पुलावरून वर्ध्याची बस जाते, आणि बसमध्ये आमच्या गल्लीतले लोक असतात. शेटजींची मुलगी शिंपलेवालीबरोबर पाण्यात — कोणी बघितलं तर? एवढंच. खरंच, एवढंच होतं.

मावशीने पायाने चाचपून तीन शिंपले काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. एक लांबट, एक गोल, एक इतका पातळ की बोटाने दाबला तर फुटावा. तिन्ही जिवंत, तिन्ही वेगळ्या जातींचे. मला काय ते कळत नव्हतं? अहो, त्याच्यावरच तर माझं पोट चालतं!

तरी मी काय केलं — चौकटी काठाच्या कोरड्या रेतीत टाकल्या. दहा ठिकाणी. तिथे रिकाम्या टरफलांशिवाय काय मिळणार? दहाही ओळींत लिहिलं : जिवंत — शून्य. पाण्यात उतरले नाही, हे कुठेच लिहिलं नाही. हातातले तीन चौकटीबाहेरचे, म्हणून धरले नाहीत. ते मावशीच्या टोपल्यात टाकले आणि सही केली.

उन्हाळ्यात पोकलेन आलं. पार खालच्या मातीपर्यंत रेती खरवडून नेली. शिंपल्याला रुतायला रेती लागते. ती गेली की तो कुठे राहणार? पावसाळा झाला, दुसरा झाला, एकही परतला नाही. मावशी दुकानात आली. मी नेमकी माहेरी होते.

"पोरी, तुह्या कागदावर होते ना आपले शिपले?"

मी म्हटलं, "लिहिलं होतं मावशी. ऐकतं कोण!"

किती पटकन आलं ते तोंडात! आणि तिने उलट माझाच हात धरला. म्हणाली, "जाऊ दे माय, तू तं लिवलं."

यंदा मी पाण्यात उतरले. भरदिवसा, पुलाखालीच. का उतरले कोण जाणे — आता कोणासाठी? पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनवाणी चालले, पायाने चाचपत. नुसती गुळगुळीत माती. माझं शून्य आता खरं झालं होतं.

मावशी थकली आहे, काठावरच बसून होती. तिथे कपडे धुणाऱ्या एका बाईने तिला विचारलं, ही कोण?

"दुकानवाल्याची पोरगी हाये. आपल्या शिपल्यायसाठी लय भांडली बिचारी."

बाईने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.