चिमटीतलं कापड

मॅडमना चेहरे लक्षात राहत नसत, कापड मात्र राहायचं. वर्गात नवी मुलगी आली की तिच्या तोंडाकडे त्या आधी बघायच्याच नाहीत. जवळ येऊन तिच्या ओढणीचं टोक चिमटीत धरायच्या, डोळे बारीक करून जरा चोळायच्या आणि मग मान वर करून म्हणायच्या, "हं. बोल."

त्या चिमटीत जे सापडेल ते तुमचं नाव. सांगलीतल्या आमच्या ड्रेस डिझायनिंगच्या वर्गात एक पॉपलीन होती, एक टेरीकॉट होती. तासगावच्या द्राक्षबागायतदाराची लेक पहिल्या दिवशी झुळझुळीत साडी नेसून आली, ती कायमची नायलॉन झाली. आणि मी घोंगडं.

माझं गाव आटपाडीच्या पुढं. घरी मेंढरं. एस.टी. उशिरा पोचली म्हणून मी स्टँडवरून थेट वर्गात आले होते आणि वळकटी दाराआड दडवली होती. वळकटी म्हणजे आबांचं घोंगडं, त्यात गुंडाळलेले माझे कपडे. मॅडम आल्या, नाक वर करून वास घेतला आणि सरळ दाराआड गेल्या.

"हे कुणाचं?"

टेरीकॉट फिदीफिदी हसली.

"हसतेस काय? तुझा ड्रेस फाटला तर पुसायलाही उपयोगाचा नाही, पाणीच पीत नाही तो. हे बघ, याला म्हणतात वीण! कुणाचं आहे, लाजू नका."

मी हात वर केला. वर्ग हसला, मॅडमही हसल्या. त्यांचं हसू वेगळं होतं हे कळायला मला वर्ष लागलं. तोवर ते घोंगडं हॉस्टेलच्या कॉटखाली होतं आणि मी थंडीत एका चादरीवर कुडकुडत होते.

हे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मला मुळात बोलायची सवय नाही. शिवाय मॅडमबद्दल सांगायचं तर स्वतःबद्दलही खरं सांगावं लागतं, म्हणून टाळत राहिले.

मॅडमचा वर्गातला कायदा एकच: नवीन कापड आणायचं नाही. घरात जे वापरून झालंय त्यातूनच डिझाइन करायचं. हल्ली माझ्याकडे कामाला येणाऱ्या शिकलेल्या मुली याला सस्टेनेबल फॅशन म्हणतात. नव्वदच्या दशकात सांगलीत याला चिकटपणा म्हणायचे. पालक तक्रार करायचे की फी भरून आमच्या पोरी चिंध्या काय गोळा करतायत? मॅडम त्या पालकांच्याही शर्टाची बाही चिमटीत धरायच्या. "कॉलर विरलीय. उलटून घ्या, अजून दोन वर्षं जाईल. हं, बोला." बोलायला आलेला माणूस मग काय बोलणार!

रंगांच्या बाबतीतही तसंच. "दुकानात डबे मिळतात गं, रंग नाही मिळत," म्हणायच्या आणि आम्हाला घेऊन बाहेर पडायच्या. एकदा एस.टी.ने तासगावला नेलं, बेदाण्याच्या शेडवर. जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती. "हिरवा कुठं संपतो आणि सोनेरी कुठं सुरू होतो ते दाखवा," म्हणाल्या, आणि आम्ही उन्हात बसून रंगवत राहिलो. शेडचा मालक, म्हणजे नायलॉनचे वडील, कौतुकाने म्हणाले, "बाई, काय पायजे ते न्या. बेदाणा बांधून देऊ का?" मॅडम म्हणाल्या, "ती फाटकी जाळी द्या." परत येताना आम्ही हिरव्या जाळीच्या भेंडोळ्यासह बसमध्ये चढलो तेव्हा कंडक्टर म्हणाला, "आवं बाई, मासं धराय चाललाय का काय?" पुढे त्याच जाळीचा नायलॉनने घेरदार घागरा केला. बेदाण्याचा वास त्याला शेवटपर्यंत होता.

वर्षाच्या शेवटी प्रदर्शन असायचं. प्रत्येकीने आपण शिवलेला पोशाख घालून घरच्यांसमोर स्टेजवरून चालायचं. बाकीच्यांना ती गंमत होती, मला नव्हती. आबांनी मला पाठवतानाच सांगितलं होतं, "एक वरीस शिक. मग मी यिऊन बघतो. बरं वाटलं तर ऱ्हा, न्हाईतर चल घरला." घरला म्हणजे लग्नाला. स्थळ ठरल्यासारखंच होतं.

मॅडमना हे पॉपलीनकडून कळलं. त्या म्हणाल्या, "घरून काय आणशील?"

"आईनं वाकळेसाठी आबांची जुनी धोतरं ठेवलीत," मी म्हटलं. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी.

"बास. आणि ते कॉटखालचं बाहेर काढ."

सांगलीत हळदीला तोटा नाही. बाजारातल्या एका गोदामातून मॅडमनी हळदीची झाडण मागून आणली आणि धोतरं कॉलेजच्या मागच्या अंगणात पातेल्यात उकळली. असा पिवळा उतरला की आमच्या बिरोबाच्या जत्रेत उधळलेला भंडाराच. त्याचा लांब झगा शिवला. घोंगड्याला मात्र मॅडमनी कात्री लावू दिली नाही. "ते कापायसाठी विणलेलंच नाही. खांद्यावर घे नुसतं."

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी माझ्या हातून झग्यावर चहा सांडला. मी घाबरून साबणाची वडी घासली. पिवळ्याचा तांबडा झाला. आणखी घासलं, तांबडा आणखी पसरला. घरी हळदीचं फडकं साबणाला लागलं की तांबडं होतं हे जन्मापासून बघितलेलं, पण त्या घटकेला काही सुचलं नाही. नळाखाली बसून रडायला लागले. उद्या आबा येणार आणि हे बघणार.

टेरीकॉटने धावत जाऊन मॅडमना आणलं. त्यांनी ओला डाग चिमटीत धरला आणि त्या इतक्या जोरात हसल्या की शेजारच्या टायपिंगच्या वर्गातली खडखड थांबली.

"अगं वेडे, कुंकू असंच करतात! देवाला भंडारा आहे, मग कुंकू नको? पळा, कुणीतरी पापडखार आणा!"

पॉपलीनने हॉस्टेलच्या मेसमधून पापडखार आणला. तो पाण्यात कालवला आणि सगळा वर्ग त्या एका झग्याभोवती बसला. कुणी काडीने ठिपके दिले, कुणी केरसुणीची हिरं बुडवून रेघा ओढल्या. मला हसणारी टेरीकॉट माझ्या झग्याच्या काठावर मेंढरं काढत होती. तिची मेंढरं डुकरांसारखी दिसत होती, ते मी तिला सांगितलं. त्या वर्गात मी पहिल्यांदाच केलेला विनोद तो.

"मॅडम, धुतल्यावर जाईल हा रंग," नायलॉन म्हणाली.

"उद्या कोण धुतंय?"

दुसऱ्या दिवशी आबा शेवटच्या रांगेत बसले होते, पांढरं धोतर, पटका, हातात काठी. बापाचं धोतर अंगात आणि बापाचं घोंगडं खांद्यावर घेऊन मी स्टेजवर आले. मधोमध पोचले तर आबा उठले. काठी टेकत पुढं यायला लागले. मला वाटलं, हात धरून खाली ओढतात आता. ते पायऱ्या चढून वर आले, माझ्यापुढं उभे राहिले.

"असं घेत्यात व्हय घोंगडं?" ते म्हणाले. माझ्या खांद्यावरून त्यांनी ते काढलं, झटकलं, नीट घडी घातली आणि डाव्या खांद्यावर ठेवलं. "हितं. उजवा हात मोकळा पायजे, काठीला." आणि हातातली काठी मला दिली. "आता चल."

टाळ्यांत मी कशी चालले आठवत नाही. एवढं आठवतं की स्टेजच्या कडेला मॅडम आबांपर्यंत पोचल्या होत्या आणि, बाई असून, चारचौघांत, त्यांनी आबांच्या धोतराची कड चिमटीत धरली होती.

"सूत छान आहे. जुनं झालं की मला पाठवा. हं, बोला."

आबांनी एकदा धोतराकडे बघितलं, एकदा बाईंकडे. मग त्यांना हसू आवरेना. "बोलायचं काय बाई, ऱ्हाऊ द्या पोरगी हितंच. न्हाईतर तुमी माझं धोतर फेडून न्ह्याल!"

मी राहिले. शिकले. आणि आबा गेले त्या वर्षापर्यंत दर दिवाळीला आटपाडीहून येणाऱ्या एस.टी.तून मॅडमसाठी विरलेल्या धोतरांचं बोचकं येत राहिलं.

आता इतकी वर्षं न सांगितलेलं. मी साताऱ्याजवळ शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना काढला. चांगला चालला. कापताना ढीगभर कातरण निघतं, आणि माझ्या कारखान्यामागे ते दर शनिवारी जाळलं जायचं. गणवेशाचं कापड सगळं टेरीकॉट, धूर काळा निघायचा. सांगलीला कामासाठी कितीदा तरी गेले, पण मॅडमच्या गल्लीत पाय टाकला नाही. त्या रागावतील याची भीती नव्हती. त्या पदराची कड चिमटीत धरून "हं, बोल" म्हणतील, याची होती.

शेवटी एकदा गेलेच. त्या खुर्चीत बसलेल्या, नजर अधू. पदर चिमटीत गेला.

"फॉल वाकडा लावलायस, घोंगड्या."

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"जाळतेस? अगं, वाकळा शिवणाऱ्या बाया संपल्या का तुमच्याकडच्या? पुढच्या वेळी पोती घेऊन ये. रिकाम्या हाताने आलीस तर चहा मिळणार नाही."

पोती घेऊन गेले. चहा मिळाला. ते कातरण चिमटीत धरून त्यांनी नाक मुरडलं, आणि त्याच दुपारी गल्लीतल्या बायकांना बोलावून पहिली वाकळ पसरली. कारखान्यामागे आता धूर निघत नाही.

मॅडम गेल्या त्या उन्हाळ्यात आम्ही सगळ्या त्यांच्या अंगणात जमलो. केस पिकलेले, अंगं सुटलेली, कुणीच कुणाला ओळखेना. मग नायलॉनने पॉपलीनच्या साडीची कड चिमटीत धरली, आणि बघता बघता सगळ्याजणी एकमेकींचे पदर चाचपायला लागलो. दुःखाच्या घरी हसू फुटलं.

मी नेहमीसारखी दाराशी उभी होते. टेरीकॉट जवळ आली. माझ्या पदराचं टोक धरलं, डोळे बारीक केले, जरा चोळलं, आणि मान वर करून म्हणाली, "हं. बोल."

आणि मी बोलत सुटले.