बुजवलेल्या विहिरीतली बाई

दौंडच्या रेल्वे कॉलनीत इंग्रजी कादंबरी वाचणारा पार्सल क्लार्क एकच, आमचे शेजारी बबनराव. ऑस्ट्रेलियाला कायमचा निघालेल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने टाकून दिलेली जुनी अमेरिकन कादंबरी त्यांनी उचलून आणली. तिच्यात तीन भाऊ आळीपाळीने बोलतात. कोण कधीचं सांगतोय, पत्ता लागत नाही. मी हायस्कूलात इंग्रजी शिकवतो, तरी पहिल्या भावापाशीच हात टेकले. बबनराव मात्र दुपारी ती आपल्या मराठीत वाचून दाखवायचे आणि त्यांच्या पत्नी चांगुणाबाई समोर चटईवर तांदूळ निवडत ऐकायच्या. बाईंना अक्षरओळख नव्हती.

एकदा त्या म्हणाल्या, "बुजवलेल्या हिरीतली बाई मधीच बोलती, तिचं का वो वाचत न्हाई?"

"बाई कुठली? नुसती हीर हाय पुस्तकात."

"हाय की. मला ऐकू येतीय."

बबनराव आधी हसले, मग चिडले, मग घाबरले. बाईंना पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी त्या दिवसभर झोपायला लागल्या, विचारायच्या थांबल्या. पुढे कावीळ होऊन गेल्या. आपण शहाण्या बाईला वेडी ठरवलं की काय, हा भुंगा तेव्हापासून बबनरावांचं डोकं पोखरत होता. मी म्हणायचो, "आप्पा, पुस्तकात बाई नव्हती ना? मग झालं!" मला शहाणपण सांगायला काय जात होतं!

दोन हजार चार साली त्यांच्या मुलीने, तेजश्रीने, त्याच कादंबरीची नवी आवृत्ती पाठवली. भर दुपारी बबनरावांनी मला हाक मारली.

"सर, ह्ये वाचा. माझं इंग्रजी चुकत आसंल."

प्रकाशकाने पूर्वी गाळलेलं एक प्रकरण आता प्रथमच छापलं होतं. ते विहिरीतल्या बाईचं होतं.

शेवटी ती म्हणते, 'माझे भाऊ माझं ऐकत नाहीत. लांबची एक बाई ऐकते, तांदूळ निवडता निवडता. तिचा नवरा तिला वेडी म्हणतो.'

मी ते पुन्हा एकदा वाचलं आणि सांगितलं, "आप्पा, तुमचं इंग्रजी बरोबर आहे."

ते रडतील असं वाटलं. रडले नाहीत. त्यांनी पान उलटलं, तर पुन्हा धाकटा भाऊ सुरू. मग मोकळ्या चटईकडे तोंड करून त्यांनी हळूच विचारलं, "चांगुणे, म्होरं काय म्हणली गं ती?"

मला काही ऐकू आलं नाही. बबनराव मात्र मान कलती करून बसले होते आणि मधून मधून "व्हय, व्हय" म्हणत होते.